पाचशे मीटरचा परीघ

साळवे सरांना वेळ विचारली, तर ते घड्याळाआधी विचारणाऱ्याकडे बघायचे. वाजले किती ते हवंय, की तास संपायला किती मिनिटं राहिलीत ते हवंय, असं विचारायचे. नवीन माणसाला हे तिरकस वाटे. ते तिरकस नसायचं. त्यांना खरंच समजून घ्यायचं असायचं. "म्हणजे नक्की काय?" हे त्यांचं वाक्य दिवसातून वीसेक वेळा कानावर पडे. मुलांनी त्यांचं नावच 'नक्की सर' पाडलं होतं. गावात रंगनाथ साळवे म्हटलं तर माणसं विचारात पडत, नक्की सर म्हटलं की थेट वस्तीकडे बोट दाखवत.

आमचं गाव नेवासे तालुक्यात, घोडेगावच्या रस्त्यावरून आत. दहावीपर्यंतची शाळा. सर गणित शिकवायचे, मी मराठी. अकरा वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. उंच, सडपातळ माणूस, शर्टाच्या बाह्या बरोबर दोनदा दुमडलेल्या. फळ्यावर वर्तुळ कधी नुसत्या हातानं काढायचे नाहीत. खिशात सुतळीचा तुकडा आणि खडू असे. हातानं काढलेल्याला ते वर्तुळाची अफवा म्हणायचे.

शब्दाबद्दल एवढा हट्ट का, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. वडील छप्पन साली धम्म घेतलेल्यांपैकी. लिहिता-वाचता येत नव्हतं. वस्तीवरून विहिरीकडे जाणारी पायवाट पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या पायाखालची. कधीतरी एक कागद झाला, त्यात 'वहिवाट' असं पडायच्या जागी 'परवानगी' असं पडलं आणि वडिलांनी त्याखाली अंगठा दिला. वहिवाट म्हणजे हक्क, परवानगी म्हणजे मेहेरबानी. पुढच्याच वर्षी बांधावर काट्या पडल्या. वडील मरेपर्यंत म्हणत राहिले की मला वाचता आलं असतं तर तो एक शब्द मी येऊ दिला नसता. कागदावरचा शब्द नेमका असला की गरिबाला कोणी हलवू शकत नाही, हा सरांचा धर्मच होता म्हणा.

मी नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी कालव्याच्या वळणावर वाळूत त्यांची गाडी घसरली आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. मीच त्यांना नगरला घेऊन गेलो. तेव्हा जिल्ह्याचं नाव अजून बदललं नव्हतं, आणि आता बदललं तरी आमच्या तोंडी नगरच आहे. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, रेडियस गेलंय. सरांचा चेहरा वेदनेनं पांढरा पडला होता. तशातही त्यांनी विचारलं, रेडियस तर वर्तुळाचं असतं, ते हातात कसं आलं? डॉक्टर म्हणाले, हाडाचं नाव आहे ते. का आहे? डॉक्टरांना ते माहीत नव्हतं आणि बाहेर पेशंट खोळंबले होते.

प्लास्टर निघेपर्यंत सरांना दुसरं काही सुचलं नाही. मोबाईलवर मिळालं तेवढ्यावर त्यांचा विश्वास बसेना. नगरला एका चर्चच्या आवारात एक निवृत्त पाद्री राहत होते, त्यांच्याकडे लॅटिनचा जुना शब्दकोश आहे असं कळलं. लागोपाठ सहा रविवार सर एसटीनं तिकडे गेले. कोश एवढा जड की एका हातानं उचलेना. पाद्री पानं उलटायचे आणि सर डाव्या हातानं वेड्यावाकड्या अक्षरात उतरवून घ्यायचे. सोमवारी मधल्या सुट्टीत आम्हाला त्याचा पाढा ऐकावा लागे. रेडियस म्हणजे मुळात काठी. मग चाकाचा आरा. मग सूर्यापासून निघणारा किरण. विणकराच्या हातातला धोटा. भूमिती शिकवणाऱ्याच्या हातातली आकृत्या काढायची काठी. हाताचं ते हाड आऱ्यासारखं सरळ, म्हणून त्यालाही तेच नाव. जर्मन लोक तर या हाडाला सरळ आराच म्हणतात. किरणावरून रेडियम झालं, रेडिओ झाला. स्पॅनिशमध्ये त्रिज्येलाही रेडिओ आणि बातम्या ऐकायच्या रेडिओलाही रेडिओच.

"एक काठी," ते म्हणायचे, "कुठपर्यंत गेली बघा."

घरीही तेच. सरांनी लग्न केलं नव्हतं. थोरला भाऊ लवकर गेला, त्यानंतर ते वहिनींच्या घरात राहत होते. खरं तर वहिनींनीच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. एकदा मी चहाला गेलो असताना वहिनी रेयॉनची साडी नेसल्या होत्या. सर म्हणाले, वहिनी, ही साडीसुद्धा त्याच घरातली, किरणासारखी चमकते म्हणून रेयॉन. वहिनींनी पदर चाचपला आणि म्हणाल्या, "घरातली कशाची, घोडेगावच्या बाजारातली हाय." सर इतके हसले की बशीतला चहा सांडला. त्यांना असं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

मराठीत याला काय म्हणायचं, हा पुढचा छंद. त्रिज्या हा शब्द त्यांना आवडायचा, पण तो समजावून सांगायला अर्धा तास लागे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, त्रि म्हणजे तीन राशी, तीन राशी म्हणजे नव्वद अंश, तिथली ज्या वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराएवढी. हे ऐकून नववीतली मुलं झोपी जात. मग एका शुक्रवारी, बैल ना गाय, सर घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेले आणि लाकडी चाकं करणारा एक म्हातारा सुतार शोधून काढला. त्याला विचारलं, सगळे आरे एकाच मापाचे कशाला? सुतारानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मास्तर हायसा ना? येक आरा आखूड ऱ्हायला तर चाक लंगडतंय," असं म्हणून तो पुन्हा कामाला लागला. सोमवारी सरांनी टेम्पोत घालून एक जुनं चाक शाळेत आणलं. त्या वर्षी वर्तुळावरचा एकही प्रश्न आमच्या मुलांचा चुकला नाही.

शनिवारी शाळा सुटली की ते कधीकधी शिंगणापूरला जायचे. दर्शनाला नव्हे, पार्किंगला. तिथं सगळ्या राज्यांतल्या गाड्या येतात. एका पुठ्ठ्यावर वर्तुळ आणि मध्यापासून कडेपर्यंत एक रेघ काढून ते उभे राहायचे आणि उतरणाऱ्यांना विचारायचे, तुमच्याकडे याला काय म्हणतात? लोकांना वाटायचं हा काहीतरी विकतोय. तेल विकणाऱ्या पोरांनी दोनदा त्यांना हुसकावलंही. पण बंगाली बाईंनी व्यासार्ध सांगितलं, हैदराबादच्या एका ड्रायव्हरनं उर्दूतला निस्फ कुतर, म्हणजे अर्धा व्यासच, सांगितला. आणि मदुराईचे कोणी इंजिनिअर म्हणाले, आरम्. सरांनी तिथूनच मला फोन लावला. गर्दीच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं, ते नुसतं 'आरा, आरा' म्हणत होते. त्या एवढ्या मोठ्या कोशातला अर्थ आणि आमच्या सुताराच्या तोंडातला शब्द तमिळमध्ये एकत्र भेटले होते. या आनंदात दुसरं कोणी सामील होईना, म्हणून फोन मला. मी त्या वेळी जेवत होतो. छान, छान म्हणालो आणि फोन ठेवला.

त्यांची चीड एकाच शब्दावर होती. वर्तमानपत्रं लिहितात, पाच किलोमीटरच्या परिघात बिबट्याचा वावर. परीघ म्हणजे वर्तुळाची कड. बिबट्या काय कडेकडेनं फिरतो का? पाहिजे ती त्रिज्या, नाहीतर अंतर म्हणा सरळ. याबद्दल त्यांनी संपादकांना किती पत्रं लिहिली देव जाणे. एकच छापून आलं, त्यांच्या नावागावासकट. परीघ आणि त्रिज्या यांत सहापटीहून अधिक फरक आहे, आणि सरकारी कागदात ही चूक झाली तर उद्या कोणाचं तरी घर जाईल, असं त्यात होतं. मी ते पत्र स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. थोडं चेष्टेनंच.

गावाच्या उत्तरेला माळ आहे. त्याच्या पायथ्याशी शाळा आणि शाळेला लागून वस्ती, जिथं सरांचं घर. माळावर खडी क्रशर घालायला बाहेरचा एक माणूस आला. ग्रामसभेत बराच आरडाओरडा झाला. शेवटी असं ठरलं की गावानं ना-हरकत द्यायची, पण अट घालायची. शाळा आणि वस्ती यांच्यापासून पाचशे मीटरच्या आत क्रशर नको. ग्रामसेवकांनी ठराव लिहायला मला बसवलं. मी लिहिलं, 'शाळा व वस्तीपासून पाचशे मीटर परिघात खडी क्रशर उभारण्यात येऊ नये.'

परिघात का लिहिलं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. कागदावर तो शब्द भारदस्त दिसतो. सर त्या दिवशी दहावीच्या पेपर तपासणीला गेले होते. संध्याकाळी परत आल्यावर ठराव त्यांना दाखवता आला असता. माझ्या मनातही आलं होतं. पण दाखवला की ते चष्मा पुसणार, 'म्हणजे नक्की काय' म्हणणार, आणि मराठीच्या शिक्षकानं गणिताच्या शिक्षकाकडून मराठी दुरुस्त करून घ्यायचं. ते मला नको होतं.

क्रशर शाळेपासून अडीचशे मीटरवर उभा राहिला. सरकारी नियमातली अंतरं कागदोपत्री कशीबशी बसवली होती. आमच्या हातात उरली ती गावाची अट. तक्रार झाली, महसूल कार्यालयात सुनावणी लागली. वस्तीच्या वतीनं बोलायला सगळ्यांनी सरांनाच पुढं केलं. दुसरं कोण होतं? मी त्यांच्यासोबत गेलो.

सर चांगलं बोलले. धूळ कशी येते, वर्गाच्या खिडक्या कशा लावून घ्याव्या लागतात, सुरुंगानं भिंतीला कुठं तडा गेलाय. साहेब ऐकत होते. मग क्रशरवाल्याचा वकील उठला, तरुण, नम्र मुलगा. त्यानं एक कात्रण काढलं आणि विचारलं, हे पत्र आपलंच का? सर म्हणाले, माझंच. मग त्यानं ठरावाची प्रत त्यांच्यासमोर ठेवली.

"परीघ म्हणजे नक्की काय, सर?"

सरांनी ठरावाकडे पाहिलं. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसलेला माणूस, माझं अक्षर त्यांनी ओळखलं नसेल असं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. वकिलानं आवाज न चढवता पुन्हा विचारलं.

"वर्तुळाची कड," सर म्हणाले. "तिची पूर्ण लांबी."

पाचशे मीटर परिघाच्या वर्तुळाची त्रिज्या किती येईल? सरांनी मान वर केली. कागद मागितला नाही, मोबाईल काढला नाही. एकोणऐंशी मीटर आणि साठ सेंटिमीटरच्या आसपास, असं ते म्हणाले. कारकून टाइप करत होता. साठ की सोळा, असं त्यानं विचारलं. सरांनी त्याला सांगितलं, साठ. आणि त्या वेळी मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, ते बघायला नको होतं. तिथं भीती नव्हती, पश्चात्ताप नव्हता. आपण शिकवतोय ते समोरचा लिहून घेतोय, याचं समाधान होतं.

साहेबांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय? सर नाही म्हणाले. वस्तीची चार माणसं मागं उभी होती. काय झालं ते त्यांना लगेच कळलं नाही. मला कळलं होतं, ऐंशी मीटरही नाही म्हणजे अडीचशेवरचा क्रशर अटीच्या बाहेर. मी उठून म्हणायला हवं होतं की साहेब, ठराव मी लिहिलाय, गावाला अंतर म्हणायचं होतं, चूक माझी आहे. मी खुर्चीत बसून राहिलो.

परतीच्या एसटीत मीच विचारलं, लोक तो शब्द कुठल्या अर्थानं वापरतात ते तुम्हाला ठाऊक होतं, मग ते का नाही सांगितलंत?

"ते त्यांनी विचारलं नव्हतं. शब्दाचा अर्थ विचारला," सर म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि खरं सांगू? मला सांगायला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणी तरी माझं लेखी घेतलं."

थोड्या वेळानं म्हणाले, "अक्षर तुमचं होतं."

मी हो म्हणालो.

"मला एकदा दाखवायचं ना, सर."

त्याहून अधिक एक शब्द नाही. त्या दिवशीही नाही, पुढंही नाही. ठराव कोणाच्या हातचा आहे हे त्यांनी गावात कोणालाही सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

निकाल क्रशरच्या बाजूनं गेला. गावानं मग नक्की सरांचा हिशेब नक्की केला. ते क्रशरवाल्याला मिळालेले आहेत, असं पारावर ठरलं. ज्यांना परीघ म्हणजे काय ते आजही सांगता येणार नाही, तेच जोरात बोलत होते. जुनी जातीची भाषा, जी बरेच दिवस दबून होती, तिलाही वाट मिळाली. ह्यांचं असंच, असं माझ्यासमोर म्हटलं गेलं, आणि मी चहाचा कप खाली ठेवून निघून आलो, तेवढंच. वस्तीनं तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं. ते सगळ्यात वाईट, कारण धूळ वस्तीच खात होती. वाळत घातलेले कपडे संध्याकाळी झटकले की दारात ढग उठे. सरांच्या घरावर पडणारी धूळ काही कमी नव्हती, पण ते कोण मोजणार?

वर्गात ते शिकवत राहिले. मुलांच्या वह्या तपासत राहिले. फक्त 'म्हणजे नक्की काय' हे वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. कोणी काही म्हणालं की ते 'बरं' म्हणायचे. शाळा एकेका वर्गानं रिकामी होत गेली, लोकांनी मुलं घोडेगावला घातली. सर मुदतीच्या दोन वर्षं आधी निवृत्त झाले. निरोप समारंभात मीच भाषण केलं. चांगलं झालं, असं सगळे म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात माझ्या मेहुण्याला बघायला मी नगरच्या एका दवाखान्यात गेलो होतो. छातीच्या विकारांच्या वॉर्डावरून जाताना कोपऱ्यातल्या खाटेशी सर दिसले. खाटेवर वहिनी बसल्या होत्या, निम्म्या उरलेल्या. वाफेचा मास्क सरांनी त्यांच्या तोंडाला धरला होता. बहुतेक त्याचा पट्टा तुटला होता. मी पुढं निघून जाणार, तेवढ्यात वहिनींनी ओळखलं. त्यांनी सरांचा हात बाजूला सारला.

"सर," त्या म्हणाल्या, मध्ये दम घेतला. "तुमी गावात मोठं. तुमी तरी सांगा लोकास्नी. ह्यांनी मुद्दाम न्हाई केलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बाजूच्या खाटेवरची बाईही बघायला लागली. आत्ता, इथं, निदान वहिनींना तरी सांगावं असं माझ्या मनात आलं. माझ्या तोंडात शब्द तयार होते, तेवढं मराठी मला येतं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि वहिनींना म्हणाले, "त्यांना गाडी धरायचीय, वहिनी. जाऊ द्या त्यांना."

पुढची गाडी दीड तासानं होती. मी म्हणालो, हो, गाडी आहे. दारापर्यंत आलो तेव्हा मागं वळून बघितलं. सरांनी मास्क पुन्हा वहिनींच्या तोंडाला लावला होता आणि दुसऱ्या हातानं ते त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

दीड तास मी स्टँडवर बसून काढला.